सहावी ते आठवीच्या पोरांना वाचतं-लिहितं करायचंय? आधी काम द्या, धडा मागनं येतो

जूनमध्ये सहावीचा वर्ग हातात आला की दरवर्षी एक सीन ठरलेला असतो. धडा वाचायला लावला की पुढच्या बाकावरची दोन-तीन पोरं घडाघडा वाचतात, मधली पोरं शेजारच्याच्या तोंडाकडं बघत अर्धा शब्द मागनं ओढत येतात, आणि शेवटच्या बाकावरचं एखादं पोरगं पुस्तकात असं डोकं घालून बसतं की नवख्या माणसाला वाटावं केवढा अभ्यासू, पण जवळ जाऊन बघितलं तर पान भलतंच.

मी तासगाव भागातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. सहावी, सातवी, आठवी मिळून अडतीस पोरं. निम्म्या घरात द्राक्षबाग, बाकीच्यांचे आईबाप त्याच बागांत मजुरीला. सुरवातीची काही वर्षं मी पण तेच केलं जे सगळे करतात, म्हणजे ज्याला वाचता येत नाही त्याला आणखी वाचायला बसवायचं आणि ज्याला येतं त्याला मॉनिटर करायचं. आता विचार केला की हसू येतं, कारण ज्याला वाचायची गरज पडेल असं काम आपण ज्याला आधीच येतंय त्यालाच देऊन टाकतो आणि मागच्याला म्हणतो तू वाच, कशासाठी ते विचारू नको.

तर ते उलटं कसं केलं ते खाली सांगते. एकदम सगळं करायला जाऊ नका, पहिल्या वर्षी माझी पण फजिती झालेली.

पहिले दोन आठवडे शिकवू नका, नुसतं ऐका

रोज परिपाठ झाल्यावर पाच पोरं, एकेकटी, व्हरांड्यात. पाचवीच्या पुस्तकातलं न वाचलेलं एक पान द्यायचं, मोबाईलवर एक मिनिट लावायचं, बरोबर वाचलेले शब्द मोजायचे. पुस्तक मिटून विचारायचं, काय झालं यात? मग तेवढ्यातच कागदावर पाच ओळी लिहून घ्यायच्या, "काल संध्याकाळी घरी काय झालं". अडतीस पोरांना आठ दिवस लागतात, राहिलेले दिवस गैरहजर पोरांना. आकडा फळ्यावर लिहायचा नाही, भिंतीवर नावांचा तक्ता तर अजिबातच लावायचा नाही. तो आकडा फक्त तुमच्या आणि त्या पोराच्या वहीत.

हे केलं की कळतं, "वाचता येत नाही" म्हणजे तीन वेगवेगळी दुखणी आहेत. काही जोडाक्षरावर अडकतात. काही सुसाट वाचतात पण विचारलं तर काहीच कळलेलं नसतं. आणि काहींना वाचता येतं, कळतं, तोंडानं सांगतात पण झकास, पण लिहायला बसवलं की दीड ओळीत गाडी बंद. तिघांना एकच औषध दिलं तर कसं चालेल?

जोडाक्षरवाल्यांसाठी माझी आवडती युक्ती सांगते. आमच्याकडं "द्राक्ष" हा शब्द एकाही पोराचा चुकत नाही. दोन जोडाक्षरं आहेत त्यात, पण बॉक्सवर रोज दिसतो ना. तेच पोरगं "प्रत्यक्ष"ला अडतं. मग द्राक्षापासनंच निघायचं. एका बाजूला द्र: चंद्र, समुद्र, मुद्रा, दरिद्री. दुसऱ्या बाजूला क्ष: लक्ष, पक्ष, रक्षण, परीक्षा, शिक्षक, आणि शेवटी प्रत्यक्ष. पोराला स्वतःलाच वाटतं की अरे हे तर येतंय मला. तुमच्याकडं ऊस असेल तर "ट्रॅक्टर", "फॅक्टरी" घ्या, हळद असेल तर मार्केट यार्डातले शब्द घ्या. जे पोराच्या डोळ्याला आधीच ओळखीचं आहे तिथनं सुरवात करायची, एवढंच.

सुसाट वाचणाऱ्याला थांबवायचं. परिच्छेद संपला की पुस्तक उलटं ठेवून शेजारच्याला सांग. नाही सांगता आलं तर परत वाच. कंटाळतात, चालतं.

स्वप्न वेगळं, ध्येय वेगळं

"तुमचं ध्येय काय?" असं विचारलं की कलेक्टर, पोलीस, आर्मी अशी ओळ लागते. ते स्वप्न झालं. ते खोडायचं नाही, पण त्याला ध्येय म्हणायचं नाही. हा फरक सांगायला मी पोरांपुढं खाशाबा जाधवांची गोष्ट ठेवते. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे, म्हणजे आपल्या हाकेच्या अंतरावरचे. १९४८ ला लंडनच्या ऑलिंपिकमध्ये सहावे आले. १९५२ ला हेलसिंकीत ब्राँझ, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक मेडल. पोरं टाळ्या वाजवतात, तिथं थांबायचं नाही. फळ्यावर १९४८ आणि १९५२ लिहायचं आणि मधली मोकळी जागा दाखवून विचारायचं, इथं काय झालं असेल? रोजचं काय? आठवड्याचं काय? जायला पैसे कुठनं आणले? वर्गणी गोळा करावी लागली होती, कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्यांनी स्वतःचं घर गहाण टाकून ७,००० रुपये दिले होते. मग म्हणायचं, चला, तुम्ही खाशाबा आहात, गावातल्या एका माणसाला वर्गणीसाठी पत्र लिहा, कशाला पाहिजेत, किती पाहिजेत, परत काय देणार. गेल्या वर्षी एकानं शेवटी लिहिलं, "मेडल मिळालं नाही तरी तुमच्या तालमीतल्या पोरांना फुकट शिकवीन". आता हे पोरगं निबंधात चार ओळींच्या वर जात नव्हतं.

मग ध्येयाचं वाक्य. त्यात चार गोष्टी पाहिजेत: काय करणार, किती, कधीपर्यंत, आणि कोण बघणार. "मी वाचन सुधारणार" हे वाक्य परत पाठवायचं. "मी १५ ऑगस्टपर्यंत रोज रात्री आज्जीला एक पान वाचून दाखवणार" हे चालतं.

हे आज्जीचं वाक्य खरंच एका सहावीतल्या पोराचं होतं. मिनिटाला एकतीस शब्द, तेही ओढूनताणून. अडचण अशी की आज्जीला लिहिता येत नाही, मग सही कोण करणार? आज्जीनंच तोडगा काढला, पान झालं की वहीत एक टिकली चिकटवायची. सोमवारी वही उघडली की मरून रंगाच्या टिकल्यांची रांग. एके ठिकाणी चार दिवस रिकामे, खाली त्यानं लिहिलेलं, "लाईट न्हवती". मी "नव्हती" करायला लाल पेन काढला आणि परत ठेवला. आणि टिकलीपेक्षा भारी गोष्ट अशी झाली की गोष्ट अर्धी राहिली की आज्जी म्हणायची, मग पुढं काय झालं रं? त्यामुळं गड्याला दुसरं पान वाचावंच लागायचं. ऑगस्टात परत मिनिट लावलं तर शब्द अठ्ठावन्न. शिकवणी नाही, काही नाही.

ध्येय तीन-चार आठवड्यांच्या वर लांबवू नका, या वयात दिवाळी म्हणजे पुढचा जन्म. आणि सोमवारी दहा मिनिटं वही बघायचीच, तुम्ही एक सोमवार चुकवला की पोरं दोन चुकवतात.

मंत्रिमंडळ: बॅज नको, रजिस्टर द्या

शालेय मंत्रिमंडळ बहुतेक सगळ्या शाळांत असतं. निवडणूक घेतो, मोबाईलच्या ॲपवर मतदान करतो, शाई लावतो, फोटो ग्रुपवर टाकतो. आणि पुढं वर्षभर मुख्यमंत्री काय करतो? सावधान-विश्राम ओरडतो. मला हे नेतृत्व वगैरे काही वाटत नाही, स्पष्टच सांगते.

आमच्याकडं नियम आहे की ज्या पदाला रजिस्टर नाही ते पद नाही. प्रत्येकानं रोज काहीतरी वाचायचं, काहीतरी लिहायचं आणि शुक्रवारी सगळ्यांपुढं वाचून दाखवायचं. आहारमंत्री आजचा मेनू बघून लिहितो, हजर किती, तांदूळ किती. सहावी ते आठवीला माणशी १५० ग्रॅम, म्हणजे गुणाकार पण होतो, शिवाय ताटात किती उरलं आणि का, याची एक ओळ. ग्रंथालयमंत्री पुस्तक परत घेताना "कसं होतं?" विचारून उत्तर त्याच्याच शब्दांत उतरवते. बातमीमंत्र्यानं पेपरातली बातमी परिपाठात वाचायची नाही, गावातली स्वतः लिहून आणायची. आणि सचिव मंत्रिमंडळाच्या मीटिंगचं इतिवृत्त लिहितो, हे सगळ्यात अवघड.

आता खरी मेख. अवघड इतिवृत्त हुशार पोराला, आणि आहाराचं रजिस्टर ज्याचं वाचन सगळ्यात कच्चं त्याला. का? तिथं रोज तेच शब्द येतात. तांदूळ, मूगडाळ, मटकी, हळद, मोहरी, हजर, शिल्लक. पंधरा दिवसांत ते शब्द अक्षर लावून वाचायची गरजच उरत नाही, नजरेनं उचलतो. आणि वर्गातला सगळ्यात मागचा पोरगा शुक्रवारी उभा राहून खणखणीत आवाजात वाचतो तेव्हा बाकीच्यांची त्याच्याकडं बघायची नजरच बदलते. सहा आठवड्यांनी खाती बदलायची, तेव्हा तो जरा लांबच्या वाक्यांचं खातं घेतो.

दुसरा नियम, मंत्र्यानं ओरडायचं नाही. काय सांगायचं ते लिहून लावायचं. लोकांनी ऐकलं नाही तर नोटीस परत लिहायची. आमच्या पाणीमंत्री मुलीनं पहिली नोटीस लावली, "सर्वांनी पाण्याचा काटकसरीने वापर करावा." कुणी ढुंकून बघितलं नाही. रडकुंडीला आली. मी विचारलं, काल नक्की काय झालं? तर म्हणाली, मॅडम शेवटच्या सहा जणांना हात धुवायला पाणीच नव्हतं. म्हटलं, हेच लिही की. दुसरी नोटीस: "काल शेवटच्या सहा जणांनी खिचडीचे हात चड्डीला पुसले. हात धुतल्यावर नळ बंद करा." खाली सहा हातांचं चित्र. दुसऱ्या दिवसापासनं नळ बंद व्हायला लागला. लेखन कौशल्यावर मी तासभर बोलले असते तरी हे कळलं नसतं.

लिहायचं कुणाला तरी, आणि पोच घ्यायची

पुस्तकातली पत्रं काल्पनिक मित्राला असतात, म्हणून पोरं काल्पनिकच लिहितात. खरं पत्र लिहा. आमच्या वस्तीवरच्या मुलींना संध्याकाळच्या गाडीसाठी पाऊण तास फाट्यावर थांबायला लागायचं, तो विषय घेतला. असं चालतं:

आधी तोंडानं सांगायचं, ज्यांना त्रास होतो त्यांनीच. दुसऱ्यानं मुद्दे टिपायचे. मग पहिला खर्डा आपल्या बोलीत, जसं बोलतो तसं. इथं बरेच शिक्षक घाई करतात आणि "पानी", "लोनी", "कोन आलं" दिसलं की तिथंच पोराला गार करतात. अहो, त्याच्या घरात तसंच बोलतात, ते चुकीचं नाही, ती भाषा आहे. अर्ज ऑफिसात जाणार म्हणून त्याला ऑफिसचे कपडे घालायचे, असं मी सांगते आणि पोरांना ते पटतं. तिसरी पायरी, जोडीदारानं मोठ्यानं वाचायचं, लिहिणाऱ्यानं ऐकायचं. जिथं वाचणारा अडखळला तिथं खूण. चौथी, दुरुस्ती, पण एका वेळी एकाच प्रकारच्या चुकीची. या आठवड्यात फक्त न आणि ण. पुढच्या आठवड्यात फक्त ऱ्हस्व-दीर्घ. सगळ्या चुका एकदम लाल केल्या तर पोराला काय दिसतं माहितीये का, लाल रंग. बाकी काही नाही. मग पक्का अर्ज: प्रति, विषय, महोदय, आपले विश्वासू, सगळ्यांच्या सह्या.

पहिल्या वर्षी आम्ही तो अर्ज एका ऑफिसात देऊन आलो आणि महिनाभर वाट बघितली. परत गेलो तर अर्ज कुणालाच सापडेना. चूक आमची पण होती, पोच घेतली नव्हती. आता पोरं दोन प्रती नेतात, दुसरीवर शिक्का आणि आवक नंबर घेतल्याशिवाय तिथनं हलत नाहीत. एक आठवीची मुलगी तर काउंटरवर म्हणाली, "साहेब, तारीख पण टाका." परत येताना माझीच छाती फुगलेली.

उत्तर आलं तेव्हा वेगळीच मजा. "आपल्या संदर्भीय अर्जान्वये... उचित कार्यवाहीस्तव..." पोरं एकमेकांकडं बघायला लागली. मग दोन तास त्याच पत्रावर काढले. प्रत्येक वाक्य फळ्यावर, त्याखाली आपल्या मराठीत. शेवटी निघालं काय, की गाडीची वेळ बदलणार नाही पण विचार चालू आहे. पोरं हिरमुसली, पण लगेच दुसरा अर्ज लिहायला घेतला, आणि त्यात "संदर्भ: आपले दिनांक अमुकचे पत्र" हे त्यांनी न सांगता टाकलं. गाडी अजून त्याच वेळेला येते, तिसऱ्या अर्जाची तयारी चालू आहे.

वाचायला काय द्यायचं

पुस्तकं पाहिजेतच, आणि जमलं तर एक सहल भिलारला काढा. महाबळेश्वर तालुक्यातलं हे गाव मे २०१७ पासून पुस्तकांचं गाव आहे, घराघरांत पुस्तकं मांडलेली, बसून वाचायची. पण सहल वर्षातनं एकदा. रोजचं वाचायला माझ्याकडं दोन हुकमी गोष्टी आहेत.

पहिली, बागेत फवारायच्या औषधाच्या बाटलीवरचं लेबल. बाटली शाळेत आणायची नाही म्हणजे नाही, मोठ्या माणसानं मोबाईलवर काढलेला फोटो आणायचा. लेबलवर रंगीत खूण असते. लाल म्हणजे सगळ्यात विषारी, मग पिवळा, निळा, आणि हिरवा त्यातल्या त्यात कमी. फवारल्यावर किती दिवस माल तोडायचा नाही, अंगावर उडालं तर काय करायचं, हे सगळं बारीक अक्षरात. पोरांना काम काय, तर ते बारीक अक्षर वाचून घरच्यांना कळेल अशा पाच ओळी मोठ्या अक्षरात लिहून औषधांच्या खोलीच्या दारावर लावायच्या. एका मुलीनं वडिलांना रुमाल न बांधता फवारायला जाऊ दिलं नाही, पंप धरून उभी राहिली. यापेक्षा मोठं नेतृत्व मला तरी शिकवता येत नाही.

दुसरी, शाळेचं जुनं जनरल रजिस्टर, म्हणजे पोरगं शाळेत कधी आलं, कधी सोडून गेलं त्याच्या नोंदी. ७ नोव्हेंबर १९०० ला साताऱ्याच्या सरकारी शाळेत, आताचं प्रतापसिंह हायस्कूल, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव घातलं, रजिस्टरला नोंद भिवा रामजी आंबेडकर. म्हणून तो दिवस आपल्याकडं विद्यार्थी दिवस. नुसतं भाषण करण्यापेक्षा त्या दिवशी मी मुख्याध्यापकांना विचारून आमचंच पन्नास वर्षांपूर्वीचं रजिस्टर टेबलावर ठेवते. हात लावायचा नाही, फोटो काढायचा नाही, फक्त आपल्या घरातलं नाव शोधायचं. जुनं वळणदार अक्षर, शाईचे डाग, एरवी न वाचणारं पोरगं पण बोट हवेत धरून ओळ न् ओळ वाचतं. एकाला आजोबा सापडले. शाळा सोडल्याचं कारण, "शेतकाम". इयत्ता पाचवी. त्या दिवशी सगळ्यांचं लिखाण एकच, घरी जाऊन त्या माणसाला तीन प्रश्न विचारा आणि उत्तरं लिहून आणा. सगळ्यात लांब वह्या त्याच आल्या.

पालकसभा पोरंच घेतात

वर्षातनं दोनदा. मी मागं बसते. पोरगं स्वतःची ध्येयाची वही आईबापापुढं उघडतं, जूनचं लिखाण दाखवतं, आत्ताचं दाखवतं, काय जमलं नाही ते पण सांगतं. पाच मिनिटांचं बोलणं आधी लिहून सराव केलेला. मार्कांचा विषय शेवटी. सुरवातीला बाप लोक येत नव्हते, पोरांनी स्वतःच्या अक्षरात आमंत्रणं दिल्यावर यायला लागले.

फसतं कुठं

ऑक्टोबरच्या द्राक्षछाटणीला हजेरी पडते, तेव्हा नवीन ध्येय ठरवूच नका, आहे तेच चालू ठेवा. हुशार पोरं कच्च्याचं रजिस्टर "मी लिहून देतो" म्हणून ओढून घेतात, यावर डोळा ठेवा, अक्षरावरनं लगेच कळतं. ध्येय चुकलं तर शिक्षा नाही, फक्त वहीत "का चुकलं" ही एक ओळ. आणि "मंत्री झाल्यापासनं पोराचं अभ्यासात लक्ष नाही" म्हणणाऱ्या पालकाला वाद न घालता जूनचा आणि आत्ताचा कागद शेजारी शेजारी ठेवून द्या. स्कॉलरशिपची तयारी चालू असेल तर त्या पोरांची खाती हलकी करा, तेवढं तारतम्य पाहिजेच.

एप्रिलमध्ये आठवीची पोरं चार्ज देतात. बदली झाल्यावर आपण देतो तसाच, लेखी. खालच्या वर्गातल्या नव्या मंत्र्याला काय सांगायचं ते एका पानात, दोघांच्या सह्या, माझी सही. टिकल्यांच्या वहीवालं पोरगं यंदा आठवीतनं गेलं, शेवटचं खातं ग्रंथालय होतं. त्याचं चार्जचं पान कपाटाच्या दाराला आतनं चिकटवलंय: "चावी उलटी लावली की अडकते, जोर लावू नये. खालच्या कप्प्यात पावसाचं पाणी येतं, जूनमध्ये पुस्तकं वर घेणे. पाचवीचा एक जण पुस्तक नेतो आणि वाचत नाही, त्याला चित्रांचं देणे, ओरडू नये. रजिस्टर रोज भरणे, एक दिवस राहिला की मग राहतंच."